आखाजीचा पहिला घास

अगं ज्योती, चहा राहू दे, ऐक! कुंदनचं वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन नऊच दिवस झालेत. पोटातले टाके ओले, डॉक्टरांनी फक्त पातळ सांगितलंय. पण लाजेपायी त्याने शपथ घातलेली, माहेरी सांगायचं नाही. मी आखाजीच्या सणाला माहेरी गेले नाही म्हणून माझे आबाच दोंडाईचाहून सगळ्यांसकट पुरणाचे मांडे घेऊन हजर! आमच्याकडे जावयाने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावत नाही. आबांनी मांड्याचा घास त्याच्या तोंडाशी नेला, आणि शहाण्याने आ केला गं! मी किंचाळलेच, "आबा, बारीक व्हायला पोट कापून घेतलंय त्यांनी!" आबा हळूच म्हणाले, "मंग यास्ले काय चालस?" मी डाळीचं पाणी आणलं. आबांनी ते चमच्याने भरवलं, सगळ्यांकडे वळून ओरडले, "जवाई जेवनात, जेवा बठ्ठा!" शपथ मोडली म्हणून कुंदनने अबोला धरलाय. तू काय केलं असतंस?