न काढलेला आराखडा

ऑफिसातली सर्वांत जुनी प्रोग्रामर म्हणजे ताई. ‘सॉफ्टवेअरचा आराखडा कोडशी जुळतो,’ अशी सही ती दर महिन्याला डोळे झाकून ठोकायची. तीन वर्षांत तिने तो आराखडा उघडलासुद्धा नव्हता.

आज साहेबांनी भर मीटिंगमध्ये तो पडद्यावर लावला, तेव्हा ताई त्यातल्या चुका शोधू लागली. पण एकूणएक चौकट, एकूणएक बाण बरोबर होता. तिने काल सकाळी कोडमध्ये केलेला बदलही त्यात होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईला मान वर करवेना.

मीटिंगनंतर तिने साहेबांना गाठलं. “साहेब, सांगायला लाज वाटते. यातली एक रेघही मी काढलेली नाही.”

साहेब हसले. “चेष्टा पुरे, ताई! काल संध्याकाळी तुम्हीच काढत बसला होतात. दोनदा हाक मारली, पण तुम्ही वळून बघितलंसुद्धा नाही.”

काल दुपारपासून ताई आईच्या उशाशी दवाखान्यात होती.