फक्त नावं

"काही म्हणा मावशी, तुमची ती शिंपीण मोठी चिवट. अकरा दिवस झाले, दर अर्ध्या तासाला बघतेय, आपले कागद पोचले का म्हणून."

मावशी कपाटात फायली रचत होत्या. त्यांनी मानही वळवली नाही. "कोण, दोन लेकींची? ती कशी बघेल गं? फोन नवऱ्याकडेच राहिला तिचा. नेसत्या वस्त्रानिशी निघालेली बाई ती."

वायरवालीचा हात माऊसवर थिजला.

वायरवाली हे नाव तिला मावशींनीच दिलेलं. घर सोडून आलेल्या बायकांसाठीचं हे दोन खोल्यांचं कार्यालय. मावशी कागदपत्रं सांभाळायच्या आणि ही महिन्यातून एकदा येऊन सर्व्हर बघायची. आज तो धापा टाकत चालला होता, म्हणून तिनं त्याच्याकडची नोंद उघडली होती. कोणी, कधी, काय मागितलं त्याची. एकाच फोनवरून, एकाच फोल्डरची यादी मागितलेली. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत, दर अर्ध्या तासाला. ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ.

सोय तिनंच केली होती. सर्व्हरवर प्रत्येक बाईचा एक फोल्डर. बाईनं अर्जात लिहिलेल्या नंबरावर एक लिंक आपोआप जायची. लिंक दाबली की सर्व्हर त्या फोल्डरात डोकावायचा आणि आतल्या फायलींची यादी पाठवायचा. आपला कागद पोचला एवढं बाईला कळावं, बास. फाईल उघडायची नाही, फक्त नावं दिसायची. पासवर्ड तिनं मुद्दामच ठेवला नव्हता. आधीच भेदरलेला जीव, त्याला आणखी एक कुलूप कशाला, असं तेव्हा वाटलं होतं. मायेनंच वाटलं होतं.

'नावंच तर दिसतात,' ती मनाशी म्हणाली आणि तिनं शिंपिणीची लिंक दाबली.

मावशींची एक रीत होती. फाईल उघडून बघायचा त्यांना कंटाळा, म्हणून सगळं नावातच लिहायच्या. नाव वाचलं की माणूस डोळ्यांपुढं उभं राहायला हवं, म्हणायच्या. यादी आली. उंबऱ्यात उभं राहून कोणी घरातलं सगळं मोठ्यानं सांगत सुटावं, तशी.

शिंपीण – जबाब.
शिंपीण – दवाखान्याचा कागद – डावा हात.
शिंपीण – मुलींचे दाखले.
शिंपीण – थोरल्या बहिणीकडे – पाण्याच्या टाकीमागं – हिरवा जिना – दुसरा मजला.

"मावशी, ही शेवटची फाईल कधी टाकलीत?"

"आजच की. पावणेबाराला. बहिणीनं नवी खोली घेतली ना, तिथं नेलंय तिला. त्या मेल्याला अजून पत्ता नाही कुठली खोली ते." मावशी हसल्या. "का गं?"

वायरवाली परत त्या ओळींकडे वळली. साडेअकराची होती. बाराची होती. साडेबाराची नव्हती. एकची नव्हती. अकरा दिवस ज्याची एक खेप चुकली नाही, तो बारानंतर गप्प झाला होता. बिळाशी बसलेलं मांजर कंटाळून कधी उठत नाही.

भिंतीवर सव्वा वाजला होता.

"टाकी किती लांब आहे तिच्या नवऱ्याच्या घरून?"

"बसनं तासभर. पण तू—" मावशी वळल्या, आणि तिचा चेहरा बघून त्यांच्या हातातली फाईल खाली पडली. "अगं, काय झालं?"

"पत्ता गेला, मावशी. तिचा फोन त्याच्याकडे आहे. त्याच्यावर आपली लिंक आहे."

मावशी खुर्चीत बसल्या नाहीत. खुर्चीचा हात धरून उभ्याच राहिल्या. "मी लिहिलं गं ते," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं लिहिलं. नीट सापडावं म्हणून."

वायरवालीनं यादी देणारा तो भाग बंद केला. मग तिनं परत लिंक दाबली. पांढरं पान आलं, कोरं.

"आता कोणाला काही दिसणार नाही."

"आणि ज्याला दिसलंय त्याचं काय?"

"तिला फोन लावा. कडी लावायला सांगा आधी, बाकी सगळं मागून. मी पोलिसांना लावते."

मावशींनी बहिणीचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. रिंग वाजत होती. चार, पाच, सहा. दुसऱ्या फोनवर एक बाई वायरवालीला, कृपया थांबा, असं गोड आवाजात परत परत सांगत होती. सात. आठ.

फोन उचलला गेला.

"मावशी! शंभर वर्षं आयुष्य आहे बघा तुम्हाला." शिंपिणीचा आवाज इतका हलका त्या दोघींनी कधी ऐकला नव्हता. मागं बहिणीच्या शिलाई मशीनची टकटक चालली होती. "आत्ताच ताईला तुमचं सांगत होते. ती शिवतेय, मी काजं करतेय, पोरी खाऊन गाढ झोपल्यात."

मावशींनी तोंड उघडलं. पण शिंपीण बोलतच सुटली होती.

"कडी," वायरवाली कुजबुजली. "मावशी, कडी."

"आणि वारा काय सुटतो म्हणून सांगू इथं! लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, मावशी, दार सताड उघडं टाकून बसलेय मी."

मशीनची टकटक थांबली.