भिंतीवरली विहीर

हवामान बदलतंय हे लोकांना कळावं म्हणून ग्रामपंचायतीने मला भिंतीवर चित्र काढायला सांगितलं. एरवी मी घाटंजीत दुकानांच्या पाट्या रंगवतो. मी आमच्या गावचीच पायऱ्यांची विहीर काढली. पाण्याच्या वर सात पायऱ्या दाखवल्या, तेव्हा तेवढ्याच उघड्या होत्या.

आठवड्याने शेजारच्या मथुराबाई म्हणाल्या, "भीमराज, आठवी पायरी कायले काढली रे?"

मी काढली नव्हती. विहिरीवर जाऊन मोजल्या. तिथेही आठच.

तेव्हापासून बाया आधी भिंत बघायच्या, मग घागर उचलायच्या. भाषणं ऐकून जांभया देणारे लोक आता थेंबही सांडत नव्हते. तरी पायऱ्या बारा झाल्या.

"आता तूच वर आण पाणी," मथुराबाई म्हणाल्या. "निळा रंग हाये ना तुह्यापाशी?"

मी नाही म्हणायला हवं होतं. भर दुपारी, सगळ्यांसमोर, मी चार पायऱ्या निळ्या रंगाखाली बुडवल्या.

विहिरीकडून आरडाओरडा ऐकू आला. पाणी खरंच चार पायऱ्या वर चढलं होतं. मथुराबाईंनी खाली उतरून घागर बुडवली आणि उचलली.

घागर रिकामी होती. आतून निळी झाली होती, आणि रंग अजून ओला होता.