थिजलेलं तेल

स्टीलच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरला आणि झाकण खणखणायला लागलं. अमिरातीतल्या फुजैऱ्यात, त्या दोन खोल्यांत, सकाळचा तो पहिलाच फोन होता. नवरा, रोनित, तेलाच्या टर्मिनलवरच्या रात्रपाळीहून अजून यायचा होता. लेक, अस्मी, ओट्यावर बसून दुधाकडे रागाने बघत होती. गिरिजाचे दोन्ही हात कणकेत होते. करंगळी तेवढी कोरडी होती, त्याच बोटाने तिने फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, अलीमियाँ बोलतो. लोडरचा हात उठत नाय."

अलीमियाँ श्रीवर्धनचे. गिरिजाच्या, भाड्याने मशिनं देणाऱ्या कंपनीत सगळ्यांत जुने ऑपरेटर. पुढे बकेट असलेला छोटा स्किड लोडर घेऊन ते रास अल खैमाच्या डोंगरावर गेले होते, पावसाने रस्त्यावर आलेले दगड उचलायला. मशीन अडलं की ऑपरेटर गिरिजाला फोन करायचे. ती घरात बसून चार प्रश्न विचारायची, उपाय सांगायची, नाहीच जमलं तर मेकॅनिक पाठवायची. पण अलीमियाँ नुसते पोचलो म्हणून सांगायलाही फोन करत. ऑफिसात मराठी बोलणारं दुसरं होतं कोण?

"तेलाची पातळी बघितलीत का चाचा?"

"सगळं बघितलं. इकडं गारठा असा, की बोटं वळत नायत."

ते तिने गप्पांत जमा केलं. या देशात मशीन तापलंय का, एवढंच विचारायची सवय. थंडीचा प्रश्न कुणाच्या तोंडीच येत नाही. शिवाय शाळेची बस यायची होती आणि डब्याचा अजून पत्ता नव्हता.

"रेस द्या जोरात. लीव्हर ओढून धरा, चढेल."

"दगड आहे बकेटमदी. फुल देऊ?"

"द्या फुल. यल्ला चाचा, चला."

"बरं. परवा गावी निघतो मी, लेकीचा निकाह हाय. येताना अस्मीला काय आणू?"

"आधी दगड तर उचला," ती हसून म्हणाली.

फोन बंद झाला. अस्मीने चमचा दुधात बुडवला आणि आईच्याच आवाजात त्याला दटावलं, "रेस द्या. चढेल."

पोळ्या झाल्या, डबा भरला, आता वेणी. अस्मीने स्वतःच खोबरेलाची बाटली आणली होती. बाटली आतून पांढरी पडली होती. पोरगी ती उलटी धरून, दात-ओठ खात, दोन्ही मुठींनी दाबत होती.

"अगं दाबू नको. थिजलंय ते. जोर केलास तर झाकण उडेल. गरम पाण्यात ठेवू, मग आपलं आपण सुटेल."

बोलून झालं आणि गिरिजाचा फणीवाला हात हवेतच राहिला.

इथे समुद्रकाठी खोबरेल गोठलं होतं. तिथे डोंगरावर काय असेल? लोडरचा हात उचलतं तेही तेलच. शिकवलं होतं तिला, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. थंडी असली तर इंजिन नुसतं मंद चालू ठेवायचं. तेलाला ऊब येऊ द्यायची. मग रिकामाच हात हळूहळू वर-खाली करायचा. ओझं शेवटी.

तिने भांड्यात गरम पाणी घेतलं, बाटली सोडली आणि फोन लावला. वाजून वाजून थांबला. सुटलेलं थोडं तेल तळव्यावर घेऊन तिने अस्मीच्या डोक्यावर थापलं, पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावणार, तर फोनच वाजला. तेलकट हातानेच तिने तो स्पीकरवर टाकला.

कंपनीच्या यार्डाचे मॅनेजर फहदभाई होते. लाइनवर अलीमियाँनाही घेतलेलं होतं. मागे वारा घोंघावत होता.

"गिरिजा मॅडम, होज पाइप फट गया. पंप भी गया. पूरा रोड तेल-तेल. अलीमियाँ बोलता है, ऑफिस से पूछ के फुल रेस दिया. आपने बोला था?"

गिरिजाचा ट्रायलचा शेवटचा महिना चालू होता. अस्मी झाल्यापासून ती सगळ्या ग्रुपांवर नुसती अस्मीची मम्मा होती. या नोकरीने तिला तिचं नाव परत दिलं होतं. आणि नेमतानाच फहदभाईंनी बजावलं होतं, घर से काम करोगी, तो गलती नहीं चाहिए.

"बोला हो तो बोलो," फहदभाई म्हणाले. "नहीं बोला, तो इसने अपनी मर्जी से किया. फिर इसकी गाँव की छुट्टी खलास."

अस्मीचा चेहरा उजळला. हे तर तिला ठाऊक होतं. "रेस..." एवढंच ती म्हणाली, आणि गिरिजाचा तेलकट तळवा तिच्या तोंडावर बसला.

"नाही," गिरिजा म्हणाली. मग फहदभाईंना कळावं म्हणून, "मैंने नहीं बोला."

पलीकडे वाऱ्यात अलीमियाँ खाकरले.

"मॅडम सही बोलती है, फहदभाई," अलीमियाँ म्हणाले. "मेरेसेच हुआ." मग फहदभाईंना न कळणाऱ्या भाषेत, हळूच, "सॉरी ताई. सकाळी सकाळी तुम्हाला तरास."

फोन बंद झाला. खाली बसने हॉर्न दिला. गिरिजाचा हात अजून तिथेच होता, आणि त्याच्या आत अस्मीचा ऊन ऊन श्वास. भांड्यातल्या बाटलीत तेल पातळ होऊन नितळ झालं होतं.

तिने हात काढला. अस्मीच्या गालांवर आईची बोटं चकाकत उमटली होती. ती पुसायचं पोरीला सुचलं नाही. ती फोनकडे बघत होती. मग तिने आईकडे बघितलं.

"मम्मा, व्हाय डिड अंकल से सॉरी?"