चाकाला पाणी

लातूर जिल्हा झाला आणि अण्णारावांची तिथल्या नव्या कचेरीत बदली झाली. त्यांच्या बायकोची, सिंधुताईंची, दुष्काळातून सुटका होणार म्हणून बौद्धवाड्यातल्या पंचशीलाला बरंच वाटलं. ती सकाळपासून सामान बांधत होती. पलंग, कपाटं, गाद्या, सगळं सुंभानं आवळलं. “देव्हारा आन् चुलीपुढचं तेवढं ऱ्हाऊ दे, मी बघते,” ताई म्हणाल्या. ट्रक निघताना पंचशीला घरी पळाली आणि टँकरवर भांडून मिळवलेली, घरातली एकच भरली घागर घेऊन आली. “ताई, वाटंत प्यायला.” सिंधुताईंनी पदर मध्ये धरून घागर घेतली. “बरं केलंस बाई, चाकाला शकुनाचं पाणी घालायचं ऱ्हाऊनच गेलतं.” पुढच्या दोन्ही चाकांवर त्यांनी ती रिकामी केली. केबिनमधून अण्णारावांनी विचारलं, “प्यायला पाणी घेतलं का?” “वाटंत चाकूरला आपल्या माणसांत पिऊ.” ट्रक हलला. पंचशीलानं मारलेली एकही गाठ सुटली नाही.