दाराबाहेरच्या चपला

प्रेषणयंत्राचं दार उघडलं, तेव्हा टिल्लू सर कोल्हापुरातच होते. मेलबर्नला त्यांची हुबेहूब प्रत केव्हाच उतरून लेकीच्या घरी पोचली होती. इथला माणूस नियमाप्रमाणे पुसायचा असतो, तेवढंच राहून गेलं होतं.

"बसा काका, यंत्र परत लावते," ऑपरेटर बाई म्हणाल्या. "तिकडे तुम्ही सुखरूप पोचलात."

"मग इथला मी कोण?"

"राहिलेले."

सरांनी तिकडे लेकीकडे आधीच गेलेल्या बायकोला फोन लावला. "शैला, मी अजून इथेच आहे गं. हे लोक मला पुसणार म्हणतायत."

"काहीतरीच! तुम्ही समोर वरणभात कालवताय."

"तो मी नव्हे!"

"नातवाला बघून रडलात की मघाशी." मग सवयीनं म्हणाली, "बीपीची गोळी घेतलीत ना?"

पलीकडून सरांचाच आवाज आला, "घेतली गं!"

"अहो," शैला हलकेच म्हणाली, "हे विचारतायत, यांच्या चपला तिथेच राहिल्यात का?"

सरांनी पाहिलं. देवळात जावं तशा त्यांनी चपला यंत्राबाहेर काढल्या होत्या.

"आहेत," ते म्हणाले.

बाईंनी दार उघडलं. "या काका. चपला राहू द्या, त्या कुरियरनं पाठवू."