थेंबभर तेल

विचुंबे गावच्या धोंडीला कॅन्सरच्या नव्या गोळीच्या चाचणीत घेतलं, त्याच दिवशी त्याची बायको भामा गावदेवीला नवस बोलली, "माज्या मानसाला बरं कर. तवर घरात तेलाचा थेंब येनार नाय."

तीन महिने दोघांनी पेज आणि निखाऱ्यावर भाजलेली सुकी मासळी खाल्ली. जेवण झालं की भामा न चुकता त्याच्या हातावर गोळी ठेवायची. तरी गाठ वाढतच गेली.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर चक्रावले. "औषध रक्तात उतरलेलंच नाही! ही गोळी म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली चरबी. तेलातुपाच्या जेवणाशिवाय ती अंगात भिनत नाही. मावशी, जेवणात तेल घालत नाही का?"





"ती घालते, सायेब," धोंडी घाईने म्हणाला, "मलाच तेलकट जात नाय."